बिनकडीची बेडरूम

प्रिय सुमन,

तुझं नाव असं कागदावर मी पहिल्यांदाच लिहितोय. घरात 'अगं' म्हटलं की तू ओ द्यायचीस, तेवढ्यावर आपला संसार झाला. पण 'प्रिय अगं' असं कसं लिहू? तेव्हा चालवून घे.

पत्राचं कारण असं, की तुला न विचारता मी एक काम केलंय. तू गेल्यापासून लोटून ठेवलेलं बेडरूमचं दार सोमवारी उघडलं आणि दुपारी तुझ्या जागेवर ओवीला झोपू दिलं. ओवी म्हणजे तीच, चुडाव्याच्या शाळेतल्या बाईंची लेक, तू सांभाळलेलं शेवटचं लेकरू. आता तीन वर्षांची झाली आणि तोंड तर विचारू नकोस!

तू म्हणशील, "लय मोठं काम केलंत! जनमभर लोकांची लेकरं आपल्या बिछान्यावर लोळली, तवा कुणी कुणाला विचारलं व्हतं?" खरंय बाई. निदान मला तरी कुणी विचारलं नव्हतं!

पहिला दिवस आठवतो? रेल्वे क्वार्टर, झोपायला एकच खोली. मी रात्रभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात हाडं खिळखिळी करून सकाळी घरी आलो. आंघोळ केली, पाठ टेकायला गेलो, तर माझ्या उशीवर एक टकलं लेकरू!

"कुणाचं गं हे?"

"हळू बोला. शेजारच्या नर्सबाईचं हाय. तिची सुट्टी संपली."

"मग मी कुठं झोपू?"

"त्याच्या बाजूला. त्यानं काय सगळा पलंग घेतलाय का?"

नाइट ड्यूटीचा गार्ड दिवसा झोपतो आणि लेकरंही दिवसाच झोपतात, हे तुझ्या बरोबर लक्षात आलं होतं. एका खोलीत दोन्ही कामं उरकायची! एकाची दोन झाली, दोनाची पाच. कुणाचे आईबाप दोघं रेल्वेत, कुणाची आई दवाखान्यात, कुणाची शाळेत. लोक आपल्या घराला पाळणाघर म्हणायला लागले तर तुला हसू यायचं. पाळणा होता कुठं? एक पलंग आणि तुझ्या वाकळा. पलंगावर लेकरं आडवी टाकली की जास्त मावतात, हा तुझा शोध. आणि मी? मी खाली सतरंजीवर, भिंतीकडं तोंड करून. मधे दोरीवर तुझी जुनी हिरवी साडी.

"तिकडं गार्डकाका झोपलेत. पडद्याच्या तिकडं कुणी जायचं न्हाई," असं तू रोज बजावायचीस. आता लेकरांना असं सांगितल्यावर ती दुसरीकडं कुठं जाणार? साडीखालून एक हात यायचा, माझा अंगठा ओढायचा आणि पसार व्हायचा. मी रागानं साडी सारली की पलीकडं सगळी गाढ झोपेत! डोळे घट्ट मिटलेले, ओठ हसत असलेले. आणि त्यांच्यात तूही! तो हात तुझाच तर नसायचा ना? आज तरी खरं सांग.

आणि ती लॉबीच्या, म्हणजे ड्यूटी लावणाऱ्या ऑफिसच्या, फोनची भानगड! मालगाडी भरून उभी, गार्डाला बोलवायला फोन आला, आणि तो घेतला तुझ्या पिंट्यानं. "काका झोपलेत. काकूनं उठवायचं न्हाई म्हणून सांगितलंय," असं म्हणून पोरानं फोन ठेवलासुद्धा. गाडी उभी राहिली ती राहिली. साहेबांनी बोलावून घेतलं. "तुमचा मुलगा फोन घेतो का?" "न्हाई साहेब, मुलगा आमचा न्हाई." "मग कुणाचा?" आता काय सांगू? सगळं सांगता सांगता साहेबांना हसू आवरेना. मी निघताना त्यांनी एवढंच विचारलं, की आमच्या नातवाला ठेवता का!

तुझ्या लेकरांसाठी घरात तिखट बंद झालं होतं, तेही सांगतो. मी ड्यूटीवरून भुकेला यायचो, वाटायचं भाकरी असेल, लसणाचा ठेचा असेल. ताटात काय? मऊ खिचडी. वर तूप. कपाटातला माझा कप्पा गेला, तिथं दुपटी आली. वाळत घातलेल्या माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मच्या दोन्ही बाजूंना लंगोट फडफडायचे. शेजारचे म्हणायचे, गार्डसाहेब, आज कोणती झेंडी?

तरी मी कधी तक्रार केली का? केली. रोज केली! पण ड्यूटीवरून घराकडं येताना पाय आपोआप उचलायचे, हे तुला ठाऊक होतं आणि तू त्याचा पुरेपूर फायदा घेतलास.

रेखाला मात्र हे सोपं गेलं नाही. आपली एकुलती एक लेक, आणि तिला घरात स्वतःचा कोपरा नव्हता. शाळेतून यायची तोवर तिच्या बाहुलीचे केस कुणीतरी कापलेले. दहावीचा अभ्यास तिनं स्वयंपाकघरात, गॅसच्या टाकीला पाठ लावून केला. एकदा तिनं विचारलं होतं, "आई, तू नक्की कितीजणांची हायस?" तू म्हणालीस, "आदी तुझी, मग सगळ्यांची." पण म्हणताना तू दुसऱ्याच कुणाचं नाक पुसत होतीस, सुमन. मी बघितलं होतं आणि रेखानंही बघितलं होतं.

म्हणून तर रिटायर झाल्यावर घर बांधताना मी हट्ट धरला. लहान असू दे, पण एक बेडरूम आपली दोघांची, आणि तिला आतून कडी! चांगली पितळी कडी आणली होती मी नांदेडहून. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवले, आणि दुपारी बघतो तर नव्या पलंगावर, नव्या गादीवर तीन लेकरं आडवी! वर तूच मला विचारतेस, "ती कडी कामून लावली? एखादं लेकरू आत गेलं अन् लागली तर कोण काढंल?" दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि कडी काढून घेऊन गेला. अख्ख्या पूर्णा गावात बिनकडीची बेडरूम आपलीच असेल! नवीन घरात नवराबायकोनं दार लावून दोन शब्द बोलावेत म्हटलं, तर दार ढकलून कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, "काकू, शू."

असो. मग तू गेलीस. दोन दिवस दवाखान्यात काय राहिलीस आणि आलीच नाहीस. आईबापांनी आपापली लेकरं नेली, पिशव्या नेल्या, बाटल्या नेल्या. मी बेडरूमचं दार लोटलं आणि हॉलमध्ये दिवाणावर झोपायला लागलो. झोपायला म्हणजे पडायला. चाळीस वर्षं मी शांतता मागत होतो ना? मिळाली. पण डोळ्याला डोळा लागेना.

सोमवारी सकाळी दार वाजलं. ओवीची आई, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात ओवी.

"काका, आजच्या दिवस ठेवता का हिला? नणंद गावाकडं गेलीय, माझी गाडी चुकंल."

"बाई, मला यातलं काय येतं?"

"तुमाला येत न्हाई ते ओवी सांगती," म्हणाली आणि स्टेशनकडं पळाली.

आणि सांगितलं की ओवीनं! हात कुठं धुवायचे, वरणात भात किती मऊ कालवायचा, सगळं. माझा भात तिनं दोनदा परत पाठवला. जेवण झाल्यावर मला वाटलं, हिला हॉलमध्ये झोपवावं. पण ती तडक बेडरूमकडं गेली, दार ढकललं, पलंगावर चढली आणि तुझ्या जागेवर हात आपटून म्हणाली, "वाकळ!"

मी दारातच थांबलो होतो. तुझी उशी, तुझा चष्मा, सगळं तसंच होतं. तिला त्याचं काय? तिची झोपायची वेळ झाली होती. वाकळ काढली, तिच्यावर घातली, शेजारी टेकलो आणि थोपटायला लागलो. तू कशी थोपटायचीस ते आठवत होतो. तेवढ्यात मला झोप लागली. सुमन, काय झोप लागली म्हणून सांगू! जाग आली तर ओवी उठून बसलेली आणि मलाच थोपटायलेली. बाहेरच्या दाराला वरची कडी होती, गॅस बंद होता, तेव्हा तू घाबरू नकोस.

मंगळवारी ती परत आली. बुधवारी मी तिची वाट बघत होतो.

फोनवर हे रेखाला कळलं, आणि काल शनिवारी सकाळीच ती परभणीहून आली. बँकेत रजा टाकून! बेडरूमच्या खुंटीला ओवीची पिशवी बघितली आणि तिथंच बसली.

"अण्णा, पुन्ना तेच?"

"एकच लेकरू हाय गं."

"आईनं बी एकावरच सुरू केलं व्हतं."

मग जे ती कधी बोलली नव्हती ते बोलली. "मला आई कवाच एकटी भेटली न्हाई, अण्णा. मला ताप असला तरी तिच्या मांडीवर दुसरं कोणीतरी असायचं. आता तुमी तरी एकटे भेटाल म्हणून तुमच्यासाठी परभणीत खोली तयार केली. तुमची स्वतःची. अन् तुमी हितं ही लेकरं घेऊन बसलाव!"

तिचं खरं होतं. ओवी आल्यापासून मला झोप लागायलीय, हेही खरं होतं. दोन्हींतलं एक सोडायचं म्हणजे कुठलं सोडू? तू असतीस तर काहीतरी बोलून वेळ मारून नेली असतीस. मी खुंटीवरची पिशवी काढली आणि पुन्हा तिथंच अडकवली. रेखाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेवढ्यात ओवी मागच्या दारातून आली. रेखाकडं बघत राहिली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू नवीन हायस?"

"काय?"

"नवीन आलीस का हितं? रडायचं न्हाई. मोठा काटा खाली आला की तुझी आई येती न्यायला."

तुझेच शब्द! नवीन लेकराला तू असंच सांगायचीस ना? रेखानं ओळखले. तिनं स्वतःचं नाक पुसलं. मग म्हणाली, "माझी आई न्हाई येणार गं."

ओवीनं विचार केला. "मग तू हितंच ऱ्हा. गार्डकाका बी हितंच ऱ्हातेत. त्यांना बी कोणी नेत न्हाई."

सुमन, आपली लेक हसली! रडता रडता अशी खदाखदा हसली की ओवी आधी घाबरली आणि मग तीही हसायला लागली. मी हसलो. तू गेल्यापासून या घरात कुणी एवढ्या मोठ्यानं हसलं नव्हतं.

दुपारी शाळा सुटून ओवीची आई यायच्या आत दोघी झोपल्या. तुझ्या जागेवर रेखा आणि तिच्या पोटाशी ओवी. माझी लेक तिशी ओलांडलेली, पण झोपलेली बघितली तर तिच्यात आणि ओवीत फरक दिसेना. मी पंखा कमी केला आणि दार लोटून बाहेर आलो.

ओवीची आई आली तेव्हा बूट घालून द्यायला रेखाच बसली होती. खाली मान घालून तिनं विचारलं, "सोमवारी किती वाजता आणता हिला?" माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

मायलेकी गेल्यावर मात्र बँकवाली रेखा उभी राहिली! दोनपेक्षा जास्त लेकरं घ्यायची नाहीत. धुण्याभांड्याच्या शांताबाईंनी दुपारभर थांबायचं, कारण अण्णा कधी झोपतील याचा भरवसा नाही. आणि शेवटी म्हणाली, "सोमवार ते शनिवार तुमी लेकरांचे. रविवार माझा. कबूल?"

"कबूल," म्हटलं.

आज रविवार आहे. रेखा आत ठेचा वाटायलीय, तिखट, हिरव्या मिरच्यांचा! रात्री ती आपल्या पलंगावर झोपली, मी दिवाणावर. सकाळी चहा पिताना तिनं हळूच विचारलं, "अण्णा, आई येती का तुमच्या स्वप्नात?" मी म्हणालो, येते की, रोज येते, येऊन भाताला नावं ठेवते. ती कपाकडं बघत म्हणाली, "माझ्या अजून एकदा बी आली न्हाई."

म्हणून हे पत्र. माझ्याकडून एक वचन घे: इथून पुढं रविवारी हे घर फक्त आपल्या लेकीचं. कुणी कितीही नडलेलं असो, कुणाचीही गाडी चुकत असो, त्या दिवशी मी दुसऱ्या कुणाचं लेकरू आत घेणार नाही. रेखा बोलंल ते ऐकंन, गप्प बसली तर शेजारी बसंन.

आता तूही एक कर. माझ्याकडं रोज येतेस तेवढं पुष्कळ झालं, मला भात यायला लागलाय. रविवारी रेखाच्या स्वप्नात जा, आणि जाताना कडेवर कुणाला घेऊन जाऊ नकोस.

तुझा,
दत्तात्रय
(गार्ड, सेवानिवृत्त)