कडेने दिसणारं ल्यों

२७ मार्च, गुरुवार

पोचले एकदाची ल्योंला. ल प्वीहून सकाळची गाडी, सेंत-एतिएनला बदलायची, आणि तिथे फलाटाचा आकडा वाचता येईना. एका बाईला विचारलं तर म्हणते, "समोरच तर लिहिलंय!" अगं बाई, समोरचंच तर दिसत नाही. कडेचं दिसतं.

उजवा डोळा गेलेलाच आहे. डाव्यात उद्या औषधाची सुई. गावच्या डॉक्टरांनी चौकटींचं कार्ड दिलंय, मध्ये एक ठिपका. रोज डाव्या डोळ्याने बघायचं आणि काय दिसलं ते लिहायचं. म्हणून ही वही आणि हे जाड काळं पेन. आज: मधल्या रेषा वाकड्या, ठिपका गायब.

सोलान्जने, म्हणजे माझ्या नणंदेने, दार उघडताच तोंड सोडलं. "माणसाकडे बघून बोलावं गं! माझ्या खांद्यावर काय पोपट बसलाय?" तिला समजावलं. सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी करडा डाग दिसतो. जरा मान वळवून कानापलीकडे बघितलं की चेहरा उमटतो.

"म्हणजे मला बघायचं असेल तर तू तोंड फिरवणार?"

हो. तसंच.

२८ मार्च

सुई झाली. दुखण्यापेक्षा भीतीच जास्त. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येईलच असं नाही. आहे ते टिकवू. आता चार आठवड्यांनी या."

सोलान्जला सांगितलं, दर आठवड्याला बोलावलंय, इथेच राहावं लागेल! जीभ जराही अडखळली नाही. लाज वाटली ती नंतर, दात घासताना.

खरं कारण फक्त इथे लिहिते. रेजिस या शहरात ट्राम चालवतो. माझा मुलगा. चार वर्षांत त्याचा आवाज ऐकलेला नाही. सोलान्जला नाताळात त्याचं कार्ड येतं, त्यावर पत्ता नसतो. हा डोळा जायच्या आत मला त्याला बघायचंय. एकदा.

३१ मार्च

ट्राममध्ये चढताना गावच्या बससारखं मोठ्याने "बाँजूर" म्हटलं. कुणाला म्हटलं कोण जाणे! चालक पुढे काचेच्या खोलीत, दार बंद. बाकी सगळे फोनमध्ये. एक म्हातारबुवा तेवढे "बाँजूर मादाम" म्हणाले. मग माझा हात धरून त्यांनी माझं तिकीट यंत्रात घातलं, नाहीतर तपासनीसाने पकडलं असतं.

पहिल्या ट्रामची चालक बाई होती. दुसरा टकला. रेजिसला टक्कल पडलं असेल का? पस्तिशीचा झाला. आन्सेल्मला, त्याच्या बापाला, त्या वयात पडलं होतं.

पण केसांवर भिस्त नको. नऊ वर्षांचा असताना मेंढ्यांच्या कुंपणाच्या तारेत त्याच्या डाव्या कानाची पाळी फाटली होती. कान तरी बदलणार नाही. मला नाहीतरी कानच नीट दिसतात.

५ एप्रिल

आज सहा खेपा. सगळे कान धड.

९ एप्रिल

पकडले गेले! सोलान्जला इस्पितळाचा कागद सापडला. पुढची तारीख २५ एप्रिल, ठळक अक्षरात. कागद टेबलावर आपटून म्हणाली, "मी तुला बावळट वाटले? रोज पाच-पाच तास कुठे असतेस तू? नदी बघायला जातेस?"

सांगून टाकलं.

 ती मसूर निवडत बसली. मीच गावाहून आणलेले हिरवे. मग म्हणाली, "पत्ता मला माहीत नाही. असता तरी तुला दिला नसता, ओदील. मी पण होते ना तिथे."

तिथे म्हणजे कबरीपाशी. लिहूनच टाकते. आन्सेल्म गवत कापताना ट्रॅक्टरखाली गेला. एकटाच होता. त्याच्या दोनच महिने आधी रेजिस शेती सोडून ल्योंला गेला होता, म्हणून एकटा होता. पुरायच्या दिवशी रेजिस आला, सगळ्या गावासमोर माझ्या गालाचा मुका घ्यायला वाकला. आणि मी तोंड फिरवलं. बोलले काहीच नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो तसाच वाकलेला राहिला, मग उभा राहिला, मग निघून गेला.

तेव्हा डोळे चांगले होते माझे. तेव्हा बघायचं नव्हतं.

सोलान्जने उद्यासाठी पावात चीज भरून ठेवलंय. "जायचंच आहे तर उपाशी नको जाऊस," म्हणाली.

१३ एप्रिल

पाऊस. दुसरी लाईन धरली. ट्रामसमोरून ट्राम गेली की दोन्ही चालक हात वर करतात. आमच्याकडे ट्रॅक्टरवाले करतात तसंच. बघून बरं वाटलं.

१७ एप्रिल

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली. पार-दिय स्टेशनापाशी फलाटाच्या अगदी टोकाला उभी होते. ट्राम आली, चालकाची काच बरोबर माझ्यासमोर. दारं उघडली, लोक चढले-उतरले, तरी ट्राम हलेना. आत कुणीतरी माझ्याकडे बघत होतं, मला ते जाणवलं. पण माझ्यासमोर नुसता डाग! म्हणून मान वळवली, त्याच्या कानापलीकडे बघायला. नजर बसेपर्यंत दारं मिटली, ट्राम गेली.

चालक भला असावा. म्हातारी चढते का म्हणून थांबला असेल.

रेषा: वाकड्या.

२० एप्रिल, ईस्टर

सोलान्जने कोकराची तंगडी भाजली. रेजिस लहानपणी ईस्टरला कोकरू खायचा नाही. नाव ठेवलेलं असायचं ना त्याने त्याचं! मलाही घास गिळेना.

२५ एप्रिल

दुसरी सुई. डॉक्टरबाई म्हणतात, डाग वाढलेला नाही. कमी पण नाही. आता गावी जायला हरकत नाही. सोलान्ज म्हणाली, "मेपर्यंत राहा." मला तेवढंच हवं होतं.

२८ एप्रिल, सोमवार



शेवटच्या थांब्यावर उतरले, परतीची वाट बघत होते. एक चालकबाई सिगारेट ओढत जवळ आली. यामिना नाव. चांगली दणकट आवाजाची. "मावशी, रोज शेवटपर्यंत येता, उतरता, परत चढता. काही हरवलंय का?"

म्हटलं, मुलगा. नाव सांगितलं. कान सांगितला.

तिने सिगारेट विझवली. "रेजिस? ओळखते की. या लाईनवर होता ईस्टरपर्यंत. मग अचानक दुसरीकडे बदली मागितली. पार-दियचा थांबा नको म्हणाला."

"का?"

तो बोलला तेच तिने सांगितलं. "त्याची आई तिथे उभी दिसली त्याला. त्याने गाडी थांबवून ठेवली, त्याला वाटलं आता ती काच ठोठावेल. तर तिने त्याला बघितलं आणि..."

"आणि काय?"

"आणि पुन्हा तोंड फिरवलं, म्हणाला."

 यामिनाचा हात घट्ट धरला आणि सगळं सांगितलं. डोळा, डाग, कडेने बघणं. ती नुसती "अरे देवा, अरे देवा" म्हणत होती. म्हणाली, "आत्ता फोन लावते त्याला!"

नको म्हटलं. माझ्या वतीने दुसऱ्याने फोनवर सांगितलेलं तो का खरं मानेल? आंधळी झाली म्हणून आई आठवण काढतेय, असंच वाटेल त्याला. पहिल्यांदा तोंड फिरवलं ते डोळ्यांमुळे नव्हतं. ते माझं मलाच फेडायला हवं.

"मग एक मेला या," ती म्हणाली. "आम्ही युनियनवाले गियोतिएर पुलाच्या टोकाला टेबल मांडून म्युगेची पांढरी फुलं विकतो. त्या दिवशी तो तिथे असतो. पण मावशी, याल कशा?"

३० एप्रिल

सोलान्ज डोकं धरून बसलीय. "उद्या ट्राम नाही, मेट्रो नाही, बस नाही! वर्षात हा एकच दिवस सगळं बंद असतं, आणि तुला तोच सापडला! पाच किलोमीटर आहे! माझे गुडघे असे, मी येऊ शकत नाही, आणि तुला तर सिग्नल दिसत नाही!"

म्हटलं, रूळ दिसतात. पायाखालचे.

तिने तिची लाल ओढणी आणून माझ्या गळ्यात बांधली. गाडीवाल्यांना दिसावी म्हणून. मग माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. कालपर्यंत एकच घ्यायची, तोही घाईत.

१ मे, सकाळ

निघते. उन्ह आहे. खिडकीतून बघितलं, रस्ता रिकामा, रुळांमध्ये गवत. कोपऱ्यावर एक बाई बादलीतून म्युगे विकतेय. घेणार नाही. त्याच्याकडूनच घेईन.

वाटभर काय बोलायचं ते पाठ करायचं ठरवलंय. 

१ मे, दुपार

पुलाच्या टोकाला टेबल. पांढरी फुलं, चार-पाच माणसं. यामिना मला बघून बाजूला झाली. आधी कडेने बघितलं: डावा कान, फाटलेली पाळी. टक्कल नाही.

मग मान सरळ केली. अगदी सरळ, त्याच्या तोंडाकडे. तिथे नुसता करडा डाग. पाठ केलेलं सगळं विसरले. तशीच उभी राहिले, मान हलू दिली नाही. बघायला आले होते त्याला, आणि बघितलं नाही. त्याला दिसू दिलं, मी त्याच्याकडे बघतेय ते.



मग डाग म्हणाला, "आई, चालत आलीस?"