वेणूच्या लग्नातले धवले

पनवेल, एप्रिल १९५७

प्रिय भगवान,

काशीराम गाडीवान दारात बसून घाई करतोय, बैल उन्हात उभे आहेत म्हणतो. राहू देत घटकाभर. आयुष्यात पहिल्यांदा तुला पत्र लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण हसायचं नाही. चौथीच्या पुढे तू तरी कुठे गेलास?

वेणूच्या हळदीला आठवडा उरला. अंगणात मांडवाचे खांब येऊन पडले असतील आणि तू सगळ्यांवर ओरडत फिरत असशील. आई गेली तेव्हा तू रांगत होतास. तुला कडेवर घेऊन मी मिठागराच्या बांधावरून बाबांची भाकर न्यायची आणि तू वाटेत फडक्याची गाठ चोखायचास. तुझ्या लग्नात धवले मीच गायले. तुझी वेणू पाळण्यात होती तेव्हाच तू म्हणाला होतास, हिच्या लग्नातही बायच गाणार. मीही हरखले होते. ते खोटं नव्हतं रे.

धवले गाणाऱ्या धवलारणीचा थाट तू पाहिलायस. ती आल्याशिवाय हळद खलवत नाहीत. मी उंबऱ्यात पाय ठेवला की बायका पाट मांडायच्या, पाया पडायच्या, पहिलं पान मला वाढायच्या. मी गात गात एकेका देवाला नावानं मांडवात बोलवायची, तेव्हा पाटील झाले तरी टोपी सावरून बसायचे. उष्टं पान तर मी जन्मात उचललं नाही. आवडायचं मला ते सगळं. कुणाला नाही आवडणार?

मग बांधावरून पडून पाय मोडला आणि पावसाळाभर मिशनच्या दवाखान्यात राहिले. जखम नासली होती. तुझी बायको दारातूनच नाकाला पदर लावायची. तिचा राग नाही, मलाच माझा वास सोसवत नव्हता. तिथली दमयंती नर्स मात्र रोज खाली बसून माझे पाय धुवायची, आणि धुताना मला अक्षरं शिकवायची. एवढं का करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, माझ्या प्रभूनंही हेच केलं. पायांना हात लावून घ्यायची मला सवय होती, पण त्या दिवशी मी रडले. पुढे मी बाप्तिस्मा घेतला. गाव कुरकुरलं, पण लग्नसराई तोंडावर होती म्हणून गप्प बसलं.

काळूरामच्या मुलाच्या लग्नात काय झालं ते तुझ्या कानावर आलंच आहे, पण माझ्या तोंडून ऐक. सगळे देव बोलावून झाले आणि मला वाटलं, सगळ्यांना बोलावलं आणि माझाच तेवढा बाहेर का? म्हणून शेवटी येशूचंही नाव घातलं, त्याच चालीवर. काळूरामची आई उठून ओरडली, "गो, ह्यो कोनाचा देव आनलास?" गावकीनं मला बोलावून झाडलं. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनीही झाडलं. "तो पंगतीतला शेवटचा पाहुणा आहे का, गुणाबाई?" तिथून आले ती दिवसभर चूल पेटवली नाही. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या म्हणून नव्हे. पाळकसाहेबांचं म्हणणं खरं होतं म्हणून.

परवा तू आलास. विडा, साडी, नारळ पुढ्यात ठेवलास आणि म्हणालास, "बाय, तोंडानं गा, मनान तुजा येशू ठेव. कोनाला कलनार हाय?" बाबांच्या मिठागरातला वाटा माझ्या नावावर करतो म्हणालास. नाहीतर तुला माहेर नाय, असंही म्हणालास, आणि डोळे पुसत उठलास. भगवान, तू गेल्यावर मी गाऊन पाहिलं. दार लावून, अगदी हळू. आवाज लागला, शब्द एकही विसरले नव्हते. तेच वाईट झालं. गळा अडला असता तर सुटले असते. गाता येतं, वाटा मिळतो, माहेर राहतं. तुझे दाजी गेले, पोटी कोणी नाही, मला त्या वाट्याची किती गरज आहे हे तुला ठाऊक आहे. पण मन एकीकडे आणि तोंड एकीकडे ठेवून वेणूला सासरी पाठवायची, हे माझ्यानं होणार नाही.

तुला न सांगता काल मी उरणला गेले, वेणूच्या होणाऱ्या सासऱ्यांकडे. बुधाजींना म्हटलं, मी गाणार नाही. दोष माझा, माझ्या भावाचा नाही, पोरीचा तर नाहीच. त्यांच्या बायकोनं, कमळाबाईनं, पाणीसुद्धा विचारलं नाही. बुधाजींनी पानाचा डबा मिटला. मग म्हणाले, "लगीन मोडनार नाय. पन तू मांडवान बसलेली दिसलीस तर वरात फिरवीन." तेव्हा तू निर्धास्त राहा. करंजा गावच्या गोदू धवलारणीला सांगून आलेय. ती नाकात गाते, पण एकही देव विसरत नाही.

विडा, साडी, नारळ काशीरामजवळ परत देते. वाट्याचंही मनातून काढून टाक. हे पत्र लिहिलं ते एका मागणीसाठी. मी मांडवात बसलेली दिसायला नको, एवढंच बुधाजी म्हणाले. उष्ट्या पत्रावळी उचलणारी बाई कुठे बसते? गुणाबाय धवलारीण उष्टी काढते म्हणून लोक तोंडाला पदर लावून हसतील. मला हसू देत. तुला मात्र ते बघावं लागेल, म्हणून विचारतेय. मी कुणाच्या पंगतीत जेवणार नाही, वेणूला लांबून बघेन. नको असेल तर काशीरामला तसं सांग, मी येणार नाही. चालत असेल तर त्या दिवशी परसदाराची कडी काढून ठेव.

तुझीच,
गुणाबाय