बारीक जाळ

बाबा, तुमचं इंजिन बघून आलो. आई आणि मी. तुमच्या बंद कोळसाखाणीच्या साईडिंगला उभं आहे, रूळ अर्धे मातीत, चाकांपर्यंत बाभळी. चुलतभावाच्या लग्नाला चंद्रपूरला गेलो होतो, मीच म्हटलं, चल ना. वाटलं, तिथे तरी बोलेल. तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. तेव्हापासून तुमचा विषय काढला की आईची भांडी घासायची राहिलेली असतात. मला तुम्ही शेजाऱ्यांकडून गोळा करावे लागलात.

माझं स्वतःचं म्हणाल तर एक स्वयंपाकघर आहे. सुरतेतली बमरोलीची खोली, तुम्ही मिलच्या बॉयलरवरून येता, चहा होतो, आणि तुम्ही गॅस बंद करत नाही. बारीक करून ठेवता. इंजिनाचा जाळ रात्री विझवायचा नसतो, निखारे मागे लोटून वर ओला कोळसा दाबायचा, नाहीतर सकाळी वाफ धरायला अर्धा दिवस जातो. खाणीतली ही सवय तुम्ही सुरतेत शेगडीवर चालवत होता. आई म्हणते, "हे इंजिन नाही, बाटला आहे." तुम्ही मान हलवता, तिची पाठ वळली की पुन्हा बारीक. बाजूच्या धुळ्याच्या काकू दारातून हसतात, फायरमनना घर शे, चहा कव्हाबी भेटस. त्या इंजिनाला आई तुमची पहिली बायको म्हणायची.

तर त्या पहिल्या बायकोसमोर आई उभी राहिली. मी रेकॉर्ड करायला मोबाईल काढला, परत ठेवला. साडी खोचून ती वर चढली, भट्टीच्या तोंडात हात घातला. मग म्हणाली, "अहो, विझू दिलं या लोकांनी."

ते माझ्याशी नव्हतं. पण परतीच्या गाडीत भुसावळपासून नंदुरबारपर्यंत माझ्याशीच बोलत होती. तुम्ही तिला बघायला आलात तेव्हा नखांतला कोळसा दिसू नये म्हणून हात मांड्यांखाली दाबून बसलात, आणि चहा आला तेव्हा पंचाईत झाली. सांगताना इतकी हसली की समोरच्या बाईने तिला पाणी दिलं.

आत्ता दुपार आहे. आई चहा पिऊन सचिन गावाला मावशीकडे गेलीय, शेगडी बारीक सोडून. विसरली म्हणावं, तर वर पातेलंभर पाणी ठेवलंय. हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, बाबा. उठून गॅस बंद करायला हवा, आणि मला उठायचं नाहीये, म्हणून लिहीत बसलेय.