पांघरुणावरचा विंचू

प्रिय अभय,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू मला हसवतोस आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून लिहितेय. इथे तुला मधेच विषय बदलता येणार नाही.

आधी तुझ्या लाडक्यांची खबर. चकुली बरी आहे. तुझी ही टॅरेंटुला कोळीण आता माझ्या तळहाताएवढी झालीय. परवा रातकिडा टाकला तर डोळ्यांदेखत झडप घातली. विंचूही ठणठणीत आहेत. बंगळुरूला निघताना म्हणाला होतास, "ताई, दिवाळीपर्यंत सांभाळ, रूम मिळाली की नेतो." रूम मिळाली, पुढे फ्लॅटही मिळाला. ह्यांचे डबे मात्र ऐरोलीतच, तुझ्या खोलीत राहिले. आणि मग पप्पांना अर्धांगाचा झटका आला. तू धावत आलास, माझ्यापेक्षा जास्त रडलास आणि सुट्टी संपली तसा गेलास.

घरात कॉइल लावायची नाही, फवारा मारायचा नाही, त्यानं ते मरतील असं तू बजावलंस. खाडीकडून डास येतात म्हणून मग खिडक्या बंद. पप्पांच्या उजव्या हातावर डास बसला तरी त्यांना कळत नाही. संध्याकाळी लाल गांधी उठलेल्या दिसतात तेव्हा मला कळतं. शर्मिलामावशी घरात विंचू आहेत म्हटल्यावर फोनवरच चौकशी करते. दिवसा पप्पांना सांभाळायला दुर्गाबाई येतात, त्याही हॉलच्या पुढे पाऊल टाकत नाहीत. मी रबाळ्याहून लॅब सुटल्यावर येते, त्या निघतात, आणि कडी लावली की मला श्वास पुरेनासा होतो. कुणाला सांगू? पप्पा ऐकतात सगळं, पण एखाद-दुसराच शब्द फुटतो त्यांना.

मागच्या रविवारी दुपारी मी मोठ्या काळ्या विंचवाची माती बदलत होते. तेवढ्यात हॉलमधून धप्पकन आवाज आला. धावले. पप्पा पलंगावरून अर्धे खाली घसरलेले. त्यांना वर ओढलं, कपडे बदलले, पाणी पाजलं. परत आले तर डब्याचं झाकण बाजूला, खोलीचं दार सताड उघडं आणि विंचू गायब.

चपला झटकल्या, कपाट सरकवलं. मग तुझी ती जांभळी टॉर्च आठवली, जिच्या उजेडात काळा विंचूही हिरवा चमकतो. पडदे ओढून घेतले. पप्पांना काय सांगणार होते? गावाकडे त्यांची धाकटी बहीण विंचू चावून गेली, त्यांच्या डोळ्यांसमोर. तू पहिला विंचू आणलास तेव्हा कितीतरी दिवस ते जेवायला तुझ्या पंगतीला बसले नव्हते, आठवतं? मी एवढंच म्हणाले, "पप्पा, विंचू सुटलाय."

तो त्यांच्या पांघरुणावरच होता. मांडीपाशी, हिरवागार, नांगी वर केलेला. पप्पांनीही पाहिला. मला वाटलं ते आता धडपडणार आणि तो डसणार. पण ते हलले नाहीत. डावा हात तर चालतो त्यांचा, तोही नाही हलवला. माझ्याकडे बघत राहिले. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात चिमटा धरून मी इंच इंच पुढे सरकले. शेवटी कसाबसा शेपटीला धरला, डब्यात टाकला, झाकण दाबून बसवलं आणि तिथेच फरशीवर बसून हमसून हमसून रडले. त्याचं विष सौम्य असतं म्हणतोस. असेल.

पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वाकड्या तोंडानं म्हणाले, "तू... जा." मला वाटलं, विंचू घेऊन जा म्हणताहेत. मी डबा उचलला तर चिडले. बाहेरच्या दाराकडे बोट केलं, मग माझ्याकडे. "तू जा. अभय... येईल."

तेव्हा कळलं की त्यांना गोव्याचं माहीत आहे. कंपनी तिथं नवी लॅब काढतेय, ती मला सांभाळायला देत होते. मी नाही म्हणून सांगितलं होतं. मी दुर्गाबाईंशी बोलत होते तेव्हा पप्पांनी ऐकलं असणार. सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि होकार देऊन आले. पुढच्या महिन्यात निघायचंय, आणि हे पत्र त्यासाठीच. डबे तू नेशीलच, पण पप्पांजवळ राहायला ये. इथे राहा नाहीतर त्यांना तिकडे ने, ते तुम्ही दोघं मिळून ठरवा. चकुलीचा फोटो तू सारखा मागतोस, पप्पांचा कधी मागितला नाहीस. त्यांना असं बघवत नसेल तुला, समजतं मला. मलाही सुरुवातीला बघवत नव्हतं. रोज सकाळी दाराची बेल वाजली की ते मान वळवून बघतात. तू येशील असं ते म्हणाले, आणि मी त्यांना हो म्हणून बसलेय.

तुझीच,
ताई