टाकीत आम्ही दोघं

३ फेब्रु., सोम.
दोन जोड एक्स-रेत नापास. चोवीस वर्षं वेल्डिंग करतोय, याआधी माझा जोड कधी परत आला नव्हता. आता पंधरा दिवसांत हे तिसऱ्यांदा. फोरमन म्हणाला, डोळे तपासून घे. डोळे ठीक आहेत. रॉड पुढे नेताना हात मध्येच अडकतो. हरेशला म्हटलं, कुणाला बोलू नको. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर टाकीत वेल्डिंगला उतरतोय तो, नाही बोलणार.

१६ फेब्रु., रवि.
शिरवण्यात चुलतभावाची हळद. नाचायला ओढलं. एक पाऊल मागे टाकलं नि सरळ पाठीवर. लोक हसले, म्हणे जास्त झाली. थेंबही घेतला नव्हता.
घरी आल्यावर सुनंदा म्हणाली, "माझं काय चुकलं हाय का? महिनाभर तुमचा तोंड दगडासारखा. हसत नाय, रागवत नाय."
मला वाटत होतं मी हसतोय. आरशासमोर हसून पाहिलं. ओठ जेमतेम हलले.

४ मार्च
नेरूळचे डॉ. म्हणाले, पार्किन्सन. गोळ्या दिवसातून तीनदा. सुनंदा म्हणे, तो म्हाताऱ्यांना होतो. मी सत्तेचाळीस.

११ एप्रि.
गोळ्यांचा शून्य फरक. टाच टेकत नाही, चवड्यांवर चालतो. मुलगी निकिता कॉलेज सुटल्यावर खारघरहून आली, चालताना व्हिडिओ काढला, दाखवला. मग स्वतःच मोठ्या हॉस्पिटलात नंबर लावला. मला विचारलं नाही, आईलाही नाही.

२८ एप्रि.
नव्या डॉ. बाई. हात लावायच्या आधी विचारलं, काम काय? कुठे? बंद टाकीच्या आत? धूर ओढायला पंखा असतो का?
पंखा होता. जळला, परत आला नाही. आम्हीही विचारलं नाही. तोंडाला रुमाल बांधायचो.
रॉडच्या पाकिटाचा फोटो मागितला. एमआरआय लिहून दिला.

९ मे
एमआरआयत मेंदूच्या आत दोन्ही बाजूंना पांढरं दिसतंय. रॉडच्या धुरातलं मँगनीज तिथे जाऊन बसलंय, म्हणाल्या. आजपासून वेल्डिंग बंद.
बरं होईल का?
"वाढू नये एवढं बघू. तेही नक्की सांगत नाही."
मग म्हणाल्या, टाकीत तुमच्याबरोबर कोण असायचं? मी म्हटलं, माणसं बदलत असतात. खोटं बोललो. हरेशचं नाव दिलं असतं तर त्याचंही काम गेलं असतं.

१४ मे
रबाळ्याला कंपनीत गेलो. मॅनेजर नीट बोलला. स्टोअरमध्ये बसा, पगार तोच. फक्त डॉक्टरच्या कागदावर ‘कामामुळे’ हा शब्द नको. विचार करून सांगतो म्हटलं.
निघताना हरेश टाकीत उतरत होता. पुढची पायरी त्याचा पाय शोधत राहिला. दोनदा.

१८ मे, रवि.
हरेशच्या घरी. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "तुला स्टोअर देतील. मना कोन देनार? माजं नाव नको घेऊस."
कल्पनावहिनी आतून म्हणाल्या, यांच्या हातातून कप सुटतात हल्ली. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
 

२६ मे, सोम.
मॅनेजरला सांगितलं, ‘कामामुळे’ हा शब्द कागदावर राहील. तो म्हणाला, मग स्टोअरचं वरती विचारावं लागेल. सुनंदाला कळलं तेव्हा भात वाढताना म्हणाली, बरं केलंत.
डॉ. बाईंना फोन करून हरेशचं नाव दिलं. गुरुवारी दहाची वेळ. त्यालाही कळवलं. त्याने मधेच फोन ठेवला.

२९ मे, गुरु.
दहाला हॉस्पिटलच्या बाकावर मी आणि सुनंदा. सव्वादहाला वहिनी एकट्याच आल्या. ते खाली गेटवर हायेत, वर येत नायत, म्हणाल्या. मी उतरलो. जिना उतरायला वेळ लागला.
हरेश गेटला टेकून उभा. रागावलेला नव्हता. म्हणाला, "आत गेलो का मग टाकीत परत सोडनार नायत ना?"
म्हटलं, नाही सोडणार.
"मग मी करू काय? मना दुसरं येतं काय?"
 मलाही दुसरं काही येत नाही.
नंतर तो स्वतःच आत शिरला. नंबर केव्हाच गेला होता. बाई म्हणाल्या, जेवायच्या आधी बघते.
हे बाकावर बसून लिहितोय. हरेश पाणी पिऊन येतो म्हणून उठला, त्याला वीस मिनिटं झाली. आत्ता त्याचं नाव पुकारलं. वहिनी जिन्याकडे बघतायत.