नामिहाराचं जुनं स्टेशन

सिंगापूर, ४ फेब्रुवारी २०१८

ती. उल्काताईस, नंदूचा सा. न. वि. वि.

व्हॉट्सॲपवरचं जाई वाचते म्हणून तू कागदावर कळवायला सांगितलंस, तेव्हा हे पत्र. तुझ्या या लेकीसाठी आलेल्या स्थळाची चौकशी केली. सारंग आज आमच्याकडे जेवून गेला. जहाजावर इंजिनिअर, दिसायला बरा, विद्याने केलेलं भरीत दोनदा मागून घेतलं. इथवर ठीक.

पण जपानचा विषय निघाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. नामिहारा नावाच्या गावी त्याचं जहाज दुरुस्तीला होतं म्हणे. तिथलं स्टेशन त्याने अगदी रंगवून सांगितलं. लाकडी इमारत, आत शेगडी, रुळांच्या दोन्ही बाजूंना एकेक फलाट, वर लोखंडी पूल. पुलावरून समुद्र दिसतो, तिकिटं देणाऱ्या बाई चहा पाजतात. तो गेल्यावर मी नेटवर बघितलं. स्टेशन काचेचं, रूळ उंच खांबांवर, मधोमध एकच फलाट आणि लिफ्ट. समुद्र पार लांब. जेवताना मी तिथे शेवटचा कधी गेला होतास असं विचारलं होतं, तर नुसता पाणी पीत बसला. आमची छोटी गार्गी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, अंकल सो सॅड लाह. तिला काय कळतंय. जो साधं स्टेशन खोटं सांगतो, तो बाकीचं काय खरं सांगणार?

२०११ साली काही महिने तो कुठल्याच जहाजावर नव्हता असं चौकशीत कळलं, तेही लक्षात घे. तुझा लोभ या बातमीने आटू देऊ नकोस.

तुझा नंदू

पुणे, १६ फेब्रुवारी २०१८

चि. नंदूस अ. उ. आ.

मला संशय होताच. मुलगा फार कमी बोलतो. त्या महिन्यांत तिथे कोणी बाई असणार, तीच चहा पाजणारी. काल मी सारंगच्या घरी नकार कळवून टाकला. जाईला तुझं पत्र दाखवलं. तिने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि ऑफिसला गेली.

लहानपणी माझ्या वाटीत श्रीखंड जास्त म्हणून तू भांडायचास. तो स्वभाव आज कामी आला. विद्याला आणि गार्गीला आशीर्वाद. माया आहे तशीच राहो.

ताई

सिंगापूर, २८ फेब्रुवारी २०१८

ती. ताईस सा. न.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहितो. पूर्ण वाच, मग काय बोलायचं ते बोल.

नकारानंतर सारंगचा मेसेज आला, त्या दिवशीच्या जेवणाबद्दल आभार मानणारा. यातही काही डाव असेल म्हणून मी पुन्हा नेट उघडलं. त्या स्टेशनचा इतिहास मी वाचलाच नव्हता. मी पाहिलं ते २०१६ सालचं नवं स्टेशन. जुनं किनाऱ्यालगत होतं, २०११ च्या मार्चमध्ये त्सुनामीत वाहून गेलं, म्हणून रूळच आत हलवले. जुन्याचा नकाशा मिळाला. दोन फलाट, पूल, शेगडीची खोली, सगळं त्याने सांगितलं तसंच.

मग त्याला इथल्या ईस्ट कोस्ट पार्कात भेटलो. भूकंप झाला तेव्हा तो त्या स्टेशनात होता. तिकिटांच्या बाई त्याच्या आईच्या वयाच्या. त्यांनी सगळ्यांना टेकडीकडे पिटाळलं आणि पलीकडच्या फलाटावर कोणी राहिलंय का बघायला पूल चढून गेल्या. परत आल्या नाहीत. पुढचे कित्येक महिने त्याला जहाजावर पाऊल ठेववेना. स्टेशन ‘होतं’ असं त्याच्या तोंडून निघत नाही, तो ‘आहे’ असंच म्हणतो. ताई, मला फार लाज वाटते. लोभ ठेव नाहीतर शिव्या दे, पण हे जाईला दाखव.

नंदू

पुणे, १२ मार्च २०१८

ती. मामास, जाईचा शि. सा. न.

आईने तुझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं आणि मध्येच माझ्या हातात दिलं. नकार परत घ्यायला ती उद्या स्वतः त्यांच्याकडे जाणार आहे. पण खरी अडचण माझी आहे. नकारानंतर सारंगचा मला फोन आला होता. तुझं पहिलं पत्र मीही खरं मानलं होतं, म्हणून उचलला नाही. आता तो माझा उचलत नाही.

तू स्वतः त्याच्याकडे जा. त्याला सांग, मला नामिहाराला जायचंय. उतरू नव्या स्टेशनावर, पण बघायचंय जुनं. पूल इथे, शेगडी इथे, बाई इथे बसतात, असं त्याने हात करून दाखवावं. मला तिथे काहीही दिसलं नाही तरी चालेल.

मामीला नमस्कार. माझ्यावरची माया या वेळी जरा घाईने दाखव.

तुझी जाई