सुजितचा वार

१० मार्च, सोमवार

सुजित गेला. माझा धाकटा भाऊ.

पेरू देशातल्या डोंगरात, खाणीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीवर दरड आली. त्याच्या बायकोचा, योलांदाचा मेसेज जेवणाच्या सुट्टीत वाचला. ताट तसंच ठेवलं. तिथे रविवारची रात्र होती, इथे सोमवार उजाडलेला. म्हणजे मी कुरुळी फाट्यावर कंपनीच्या बसची वाट बघत होतो तेव्हा!

११ मार्च

रस्ते बंद. आणता येणार नाही, तिथेच पुरणार. आईला सांगायला बायकोला, वर्षालीला पुढे केलं. माझ्याने होईना. आई एवढंच म्हणाली — "तिच्यापायी ऱ्हायला तिकडं."

१२ मार्च

गावाहून आबाजीकाका आले. दहावा कधी? रविवार धरला तर मंगळवारी, सोमवार धरला तर बुधवारी. तिथलं घड्याळ साडेदहा तास मागे असतं, हे मी समजावत बसलो. काका म्हणाले, "शिफ्टा कंपनीत लाव. मयताला नको लावू."

एका जागी बसवत नाही. गच्चीवर गेलो, खाली आलो, परत गेलो.

१३ मार्च

योलांदाशी मोबाईलवर भाषांतर करून बोलतो. त्यांच्यात मयताच्या रात्री सगळे जागतात, खेळ खेळतात, हसतातसुद्धा. इथे वर्षालीने टीव्हीवर चादर टाकली आहे. सुजित म्हणायचा, "दादा, इथली माणसंही डोंगराला विचारल्याशिवाय नांगर घालत नाहीत. आपलंच गाव, फक्त नाचणीच्या जागी बटाटा."

आज योलांदाने विचारलं — गेलेला माणूस घरी येऊन गेला हे तुम्हाला कसं कळतं? मी लिहिलं, दहाव्याच्या रात्री दिव्याशी तांदळाचं पीठ पसरतो, वर टोपली झाकतो, सकाळी ठसे बघतो. मग उत्तर आलं. आम्ही राख पसरतो. पाचव्या रात्री. म्हणजे आजच.

आईला सांगितलं. ती उठून बसली. "म्हंजी आधी तिकडं जाईल त्यो. मग हिकडं कशाला येतोय!"

हे मी योलांदाला कळवलं. कळवायला नको होतं.

१४ मार्च

धुळवड. खाली पोरं ओरडताहेत. आम्ही दार लावून.

१५ मार्च

योलांदाने राख पसरली नाही. लिहिते — माझ्या दारात आला तर तो थांबेल. त्याला आईकडे जाऊ दे.

आईने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. जेवली नाही.

१६ मार्च

वार आईनेच ठरवला. "तिथं गेला, तिथलाच वार धरा." काकांनी मान डोलावली. मंगळवार.

१८ मार्च, मंगळवार

घाटावरून आलो. सगळं पार पडलं. वर्षालीने पीठ चाळून दिलं. बाकीचं मी बघते, म्हणाली आई.

मला मात्र दिवसभर कुठेतरी पोहोचायचं राहून गेल्यासारखं.

१९ मार्च

पहाटे टोपली उचलली. खाली कोरडी फरशी. पीठ पसरलेलंच नाही!

आई मागे उभी होती. "तिकडं अजून मंगळवारच हाय ना?"

म्हटलं, हो. संध्याकाळ झाली असेल.

"मग फोन लाव. तिला म्हणावं, आज राख पसर."